काँपिएन्यच्या अरण्यात पायी: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी मार्गदर्शन

पॅरिसच्या ईशान्येला सुमारे ८० किलोमीटरवर, वाझ आणि एन या नद्यांच्या संगमापाशी, काँपिएन्य नावाचे गाव आहे आणि त्याच्या पाठीशी १४ हजार हेक्टरांहून मोठे पानझडी अरण्य पसरलेले आहे. बीच, ओक आणि हॉर्नबीम हे इथले मुख्य वृक्ष. टेकड्यांची उंची समुद्रसपाटीपासून दीडशे मीटरच्या आतबाहेर असल्यामुळे सह्याद्रीत फिरलेल्या माणसाला हे अरण्य अगदी सोपे वाटते. मलाही तसेच वाटले होते. इथे दम लागत नाही, दिशा मात्र हरवते. सह्याद्रीत एखादा सुळका किंवा गडाचा माथा सतत दिसत राहतो आणि आपण कुठे आहोत ते सांगत राहतो. इथे चहूकडे सारखेच राखाडी बुंधे असतात आणि सारख्याच सरळ वाटा. म्हणून या लेखात चढउतारापेक्षा वाट ओळखण्यावर अधिक भर दिला आहे.

१. अरण्याची घडण आधी समजून घ्या

हे अरण्य राजांच्या शिकारीसाठी राखले गेले होते. मेरोविंजियन या मध्ययुगाच्या आरंभीच्या घराण्यातील राजांच्या काळापासून ते ‘क्वीझचे अरण्य’ या नावाने ओळखले जात असे. सोळाव्या शतकात पहिल्या फ्रान्स्वा राजाने त्यातून आठ सरळ रस्ते काढले, आणि ते जिथे एकत्र येतात त्या ठिकाणाला आजही प्वी द्यु र्‍वा, म्हणजे ‘राजाची विहीर’, असे म्हणतात. पुढे चौदाव्या आणि पंधराव्या लुईंनी या जाळ्यात आणखी कितीतरी वाटांची भर घातली. शिकारी कुत्र्यांच्या मागे घोडे दौडवणाऱ्या स्वारांना हरीण कोणत्या दिशेने गेले हे लांबून दिसावे आणि चौकात थांबून कुत्र्यांचा आवाज ऐकता यावा, यासाठी वाटा सरळ आणि चौक ताऱ्याच्या आकाराचे ठेवले गेले. पायी चालणाऱ्याचा विचार त्या आखणीत नव्हता. आपण गोंधळतो याचे मूळ इथे आहे. सहा किंवा आठ वाटा फुटणाऱ्या चौकात ‘उजवीकडे वळा’ या सूचनेला काहीच अर्थ उरत नाही, कारण उजवीकडे तीन वाटा असतात.

वृक्ष ओळखता आले तर चालण्यात मन अधिक लागते. गुळगुळीत, हत्तीच्या कातडीसारख्या राखाडी सालीचा आणि कडेला किंचित लहरी असलेल्या पानांचा तो बीच. खोल भेगांची साल आणि कडेला गोल खाचा असलेली पाने तो ओक. आणि पीळ दिलेल्या दोरासारखा खोबणीदार बुंधा व दातेरी पाने तो हॉर्नबीम. बीचच्या दाट सावलीखाली फारसे काही उगवत नाही. त्यामुळे तिथले रान मोकळे आणि उंच खांबांच्या सभामंडपासारखे दिसते.

काही ठिकाणी मात्र मोठाली झाडे जाऊन उघडी पडलेली जमीन दिसेल. ती केवळ तोडीमुळे नाही. आपल्याकडे उसाची मुळे कुरतडणारी हुमणी शेतकऱ्यांना चांगलीच माहीत आहे. तिच्याच जातकुळीतल्या एका भुंगेऱ्याच्या अळ्या इथल्या वालुकामय जमिनीत रोपांची मुळे खातात, आणि नवी लागवड त्यामुळे जगत नाही. त्यात उन्हाळ्यांतील अवर्षणाने बीच खंगत चालले आहेत, आणि अमेरिकेतून आलेली रानचेरी मोकळ्या जागा झपाट्याने व्यापते. हे पाहताना वाईट वाटते. वाटसरूच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा, की जुन्या वर्णनात ‘दाट रान’ म्हटलेली जागा आज उघडी असू शकते, म्हणून झाडीच्या खुणेवर वाट ठरवू नये.

२. कागदपत्रे आणि सामान

अरण्यात प्रवेशशुल्क नाही, फाटक नाही आणि आगाऊ परवानाही लागत नाही. तरीही पुढील गोष्टी जवळ असाव्यात.

– पासपोर्ट, आणि फ्रान्समध्ये राहत असल्यास निवासपत्र. मागितल्यावर परदेशी व्यक्तीने ओळखपत्र दाखवणे तिथे अपेक्षित असते.
– प्रवास विम्याचा कागद. शेंगेन व्हिसासाठी (फ्रान्ससह युरोपातील अनेक देशांत चालणारा एकच व्हिसा) किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय संरक्षण घ्यावेच लागते. त्या विम्याचा आपत्कालीन दूरध्वनी क्रमांक कागदावर वेगळा लिहून ठेवावा.
– आयजीएन या सरकारी नकाशा संस्थेचा १:२५,००० प्रमाणाचा कागदी नकाशा, क्रमांक २४११ ओटी. त्यात काँपिएन्य आणि शेजारचे लेग अशी दोन्ही अरण्ये येतात, आणि नकाशावरचे ४ सेंटिमीटर म्हणजे जमिनीवरचे १ किलोमीटर.
– साधे होकायंत्र, शिटी, छोटी विजेरी आणि भरलेली पॉवर बँक.
– गोचीड काढण्याचा प्लॅस्टिकचा आकडा. फ्रान्समधील कोणत्याही औषधाच्या दुकानात तो थोड्या पैशांत मिळतो.
– माणशी दीड ते दोन लिटर पाणी. पिण्याजोग्या पाण्याचा नळ वाटेत मिळेल असे गृहीत धरू नये.

कपड्यांबद्दल एवढेच पुरे, की पावसानंतर घोड्यांच्या वाटा चिखलाने भरतात, त्यामुळे घोट्यापर्यंतचे जलरोधक बूट हवेत, आणि पँट उन्हाळ्यातही पायघोळच असावी.

खाण्याची सोय सोबत न्यावी, विशेषतः शाकाहारी मंडळींनी. खेड्यांतील बेकऱ्या आणि उपाहारगृहे आठवड्यातील एखादा दिवस बंद असतात आणि रविवारी दुपारनंतर तर काहीच मिळत नाही. पॅरिसमध्ये राहणाऱ्यांनी दशम्या किंवा थालीपिठे करून नेली तर ती दिवसभर उत्तम टिकतात. भारतातून थेट येणाऱ्यांनी मात्र एक लक्षात ठेवावे: युरोपीय संघाबाहेरून मांसाचे व दुधाचे पदार्थ प्रवाशांनी आणण्यास मनाई आहे, त्यामुळे वाटेतल्या खाऊसाठी पेढे किंवा बर्फी बॅगेत भरू नयेत. गूळ-शेंगदाणे, चिवडा, खाकरे हे सरळ पर्याय आहेत.

३. ऋतू आणि दिवसाची लांबी

एप्रिलच्या अखेरीस बीचला पालवी फुटते तेव्हा काही दिवस सगळे रान पोपटी उजेडाने भरून जाते. १ मे च्या सुमारास म्युगे नावाची पांढऱ्या घंटांची सुवासिक फुले उमलतात. ती त्या दिवशी एकमेकांना देण्याची फ्रान्समध्ये प्रथा आहे. फुले पाहावीत, मुळासकट उपटू नयेत. या झाडाचा प्रत्येक भाग विषारी आहे, म्हणून मुलांच्या हाती देताना काळजी घ्यावी.

ऑक्टोबरचा उत्तरार्ध आणि नोव्हेंबरचा आरंभ हा पानगळीचा काळ. माझ्या मते पहिल्या भेटीसाठी हाच सर्वांत सुंदर काळ आहे, आणि चकवणारासुद्धा हाच. तांबूस पानांच्या थराखाली पायवाट पूर्णपणे झाकली जाते. शिवाय ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळे एक तास मागे जातात, आणि कालपर्यंत साडेसहाच्या सुमारास मावळणारा सूर्य एकदम साडेपाचच्या सुमारास मावळू लागतो. डिसेंबरात सूर्य पावणेपाच-पाचलाच मावळतो. जूनमध्ये तोच रात्री दहापर्यंत रेंगाळतो. हिवाळ्यात दुपारी तीननंतर अरण्याच्या आत जाणारी नवी वाट धरू नये, हा नियम मी स्वतः कधी मोडत नाही.

४. तिथे पोहोचणे

पॅरिसच्या गार द्यु नॉर स्थानकावरून काँपिएन्यला थेट गाड्या जातात, आणि जलद गाडीला पाऊण तासाच्या आसपास वेळ लागतो. इथे नवख्यांची हमखास फसगत होते. पॅरिस परिसराचा नाव्हिगो पास या प्रवासाला पुरेसा नाही, कारण काँपिएन्य इल-द-फ्रान्स या पॅरिसच्या प्रदेशाबाहेर, ओ-द-फ्रान्स या दुसऱ्या प्रदेशात येते. त्यासाठी वेगळे तिकीट काढावे लागते, आणि गाडीत तपासनीस आल्यावर ‘माहीत नव्हते’ हे कारण चालत नाही. परतीच्या शेवटच्या दोन गाड्यांच्या वेळा सकाळीच कागदावर लिहून घ्याव्यात.

स्थानक नदीच्या पलीकडच्या काठावर आहे. पूल ओलांडून, गावातून चालत काँपिएन्यच्या जुन्या राजवाड्यापर्यंत जावे; अरण्याची वाट त्याच्या मागच्या बागेतून निघते. पर्यटन कार्यालय वाटेत गावातच आहे. तिथे सोप्या वाटांची माहिती मागावी आणि त्या दिवशी शिकार कोणत्या भागात आहे हे आवर्जून विचारावे. संभाषणाची सुरुवात ‘बाँझूर’ म्हणून करावी. अरण्यात समोरून येणाऱ्या अनोळखी वाटसरूलाही हेच म्हणण्याची रीत आहे.

५. चौकातला खांब वाचायला शिका

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. काँपिएन्यच्या अरण्यातील चौकांत पांढरे रंगवलेले लाकडी खांब उभे आहेत आणि त्यांवरच्या फळ्यांवर प्रत्येक वाटेचे व त्या चौकाचे नाव लिहिलेले असते. प्रत्येक चौकाला स्वतःचे नाव आहे, आणि ती नावे आयजीएनच्या नकाशावरही छापलेली आहेत. म्हणजे खांब सापडला की आपण कुठे आहोत हे नक्की सांगता येते.

या खांबांवर एक छोटी लाल खूणही असते, आणि ती राजवाड्याची दिशा दाखवते. तिसऱ्या नेपोलियनची पत्नी, सम्राज्ञी युजेनी, एकदा या अरण्यात वाट चुकली आणि त्यानंतर ही खूण करवून घेण्यात आली, अशी कथा तिथे सांगतात. कथा खरी असो वा नसो, खूण उपयोगी आहे. राजवाड्याकडून निघाल्यावर जो पहिला खांब लागेल तिथे थांबा. राजवाडा कोणत्या बाजूला आहे हे तेव्हा तुम्हाला पक्के ठाऊक असते. खूण खांबाच्या कोणत्या अंगाला आहे आणि ती राजवाड्याच्या संदर्भात कशी वाचायची हे तिथेच डोळ्यांनी पडताळून घ्या, शक्य तर छायाचित्र काढून ठेवा. पुढे आत गेल्यावर अंदाज बांधत बसावे लागत नाही.

चौकात पोहोचल्यावर माझा क्रम ठरलेला आहे. आधी चौकाचे नाव वाचायचे आणि नकाशावर त्यावर बोट ठेवायचे. मग आपण ज्या वाटेने आलो तिचे नाव खांबावर शोधायचे. त्यानंतर होकायंत्राने नकाशा उत्तरेला लावायचा आणि पुढची वाट नावाने निवडायची. ‘डावीकडची दुसरी’ अशा मोजणीने कधीही निवडायची नाही. शेवटी पुढच्या चौकापर्यंतचे अंतर मोजून, तिथे साधारण किती मिनिटांत पोहोचायला हवे ते ठरवायचे. ताशी चार किलोमीटर हा वेग धरला तर १ किलोमीटरला १५ मिनिटे लागतात. वेळ उलटून गेली आणि चौक आला नाही, तर पुढे न रेटता मागच्या चौकात परत यायचे.

हा क्रम मी एका चुकीनंतर बसवला. पहिल्या वर्षी नोव्हेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमारास मी आठ वाटांच्या एका चौकात केवळ फोनवरच्या बाणावर विसंबून वाट धरली. थंडीने बॅटरी झपाट्याने उतरली आणि फोन बंद पडला. अर्धा तास चालल्यावर भलताच चौक आला. उजेड इतका कमी झाला होता, की खांबावरची अक्षरे विजेरीनेच वाचावी लागली. नाव वाचले, कागदी नकाशावर शोधले आणि जवळचा गाडीरस्ता गाठला. नकाशा सोबत नसता तर त्या रात्री वनरक्षकांना त्रास द्यावा लागला असता.

६. झाडांवरच्या रंगीत खुणा

फ्रान्सभर लांब पल्ल्याच्या जीआर मार्गांवर पांढरा व त्याखाली लाल असे दोन पट्टे असतात, प्रादेशिक फेरीमार्गांवर पिवळा व लाल, आणि एका दिवसाच्या छोट्या फेऱ्यांवर एकच पिवळा पट्टा. त्याच रंगांची फुली दिसली तर ‘ही वाट नव्हे’ असा अर्थ होतो. पट्ट्यांखाली वळलेली खूण असेल तर वाट वळणार आहे. या खुणा चौकाच्या आधीपेक्षा चौक ओलांडल्यावर थोड्या अंतराने दिसतात, म्हणून वळल्यानंतर दोन-तीन मिनिटे खूण दिसली नाही तर शंका घ्यावी.

झाडांवर इतरही रंग असतात. तोडायचे किंवा राखायचे वृक्ष दाखवण्यासाठी वनखात्याने केलेले ठिपके, रेघा आणि अक्षरे यांचा पायवाटेशी संबंध नाही. नवखे लोक त्यांच्या मागे जाऊन झुडपांत शिरतात. वनखात्याने रानाचे जे भाग पाडले आहेत त्यांचे क्रमांक मात्र लक्षात ठेवण्याजोगे आहेत, कारण मदत मागताना जवळच्या चौकाचे नाव आणि हा क्रमांक सांगितला तर शोधणाऱ्यांचे काम हलके होते.

७. पहिली वाट कोणती धरावी

पहिल्या भेटीत मी एकच वाट सुचवेन: राजवाड्याच्या मागील बागेतून निघून बो-मों टेकडीपर्यंत आणि परत. पहिल्या नेपोलियनने दुसरी पत्नी मारी-लुईझ हिच्यासाठी १८१० मध्ये अरण्यातून जवळजवळ ५ किलोमीटर लांबीची रुंद हिरवी पट्टी कापवून घेतली. व्हिएन्नातल्या शोनब्रुन राजवाड्याच्या परिसराची तिला आठवण व्हावी, हा त्यामागचा हेतू सांगितला जातो. टेकडीवर उभे राहून मागे पाहिले की पट्टीच्या दुसऱ्या टोकाला राजवाडा दिसतो. संपूर्ण अरण्यात लांबवरची खूण सतत डोळ्यांसमोर राहते अशी ही जवळपास एकमेव वाट आहे, आणि म्हणूनच ती नवख्याला योग्य आहे. टेकडीवर वयस्क ओक आणि बीच आहेत. त्यांच्यासाठी तासभर राखून ठेवावा.

दुसऱ्या खेपेला सँ-झाँ-ओ-ब्वा हे अरण्याच्या मधोमध वसलेले खेडे पाहावे. तिथे बाराव्या शतकात जोगिणींचा मठ स्थापन झाला, आणि तेराव्या शतकातले साधे, उजळ चर्च अजून उभे आहे. तिथून पियेरफोंपर्यंत रानातून अर्ध्या दिवसाची चाल होते. पियेरफोंचा किल्ला सतराव्या शतकात पाडून टाकला होता. तिसऱ्या नेपोलियनच्या आज्ञेने व्हिऑले-ल-द्युक या वास्तुविशारदाने १८५७ च्या सुमारास त्याची पुनर्बांधणी हाती घेतली. झाडीतून बाहेर पडताच त्याचे बुरूज समोर येतात. सरावलेल्यांनी काँपिएन्य ते पियेरफों हे वाटेनुसार १५ ते २० किलोमीटरचे अंतर एका दिवसात चालावे, व्ह्यू-मुलँ गावाजवळील सँ-पियेरच्या तळ्यांवर जेवणाला थांबावे. परतीच्या बसच्या वेळा मात्र आधी पाहाव्यात; रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी त्या फारच कमी असतात.

एन नदीच्या बाजूला असलेल्या युद्धविरामाच्या माळासाठी वेगळा दिवस ठेवावा. ११ नोव्हेंबर १९१८ च्या पहाटे दोस्त राष्ट्रांच्या सैन्याचे सरसेनापती मार्शल फॉश यांच्या रेल्वेच्या डब्यात पहिल्या महायुद्धाचा शस्त्रसंधी इथेच झाला. २२ जून १९४० रोजी हिटलरने त्याच जागी, त्याच डब्यात फ्रान्सला शस्त्रसंधीच्या करारावर सही करायला लावली. मूळ डबा जर्मनीत नेऊन नष्ट करण्यात आला. आज संग्रहालयात त्याच बनावटीचा डबा आहे. हे स्मृतिस्थळ आहे, तिथे डबे उघडून सहलीचे जेवण मांडू नये.

८. सावधगिरी

शिकार इथे आजही चालते. कुत्र्यांसह घोड्यांवरून होणारी शिकार १५ सप्टेंबर ते ३१ मार्च या काळात असते, बंदुकीची शिकारही शरद व हिवाळ्यात होते. वाटेवर शिकार चालू असल्याची पाटी दिसली तर त्या भागात शिरू नये, भडक रंगाचे जाकीट घालावे, आणि झाडीत न जाता रुंद वाटेवरच राहावे. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत लाल हरणांचे नर संध्याकाळी हंबरतात. सांबराच्याच कुळातला हा प्राणी. तो आवाज एकदा ऐकला की विसरता येत नाही. ऐकायला जरूर थांबावे, पण वाटेवरूनच, विजेरी न मारता आणि पाठलाग न करता.

सोसाट्याच्या वाऱ्यात जाऊ नये, कारण अवर्षणाने खंगलेल्या बीचच्या मोठ्या फांद्या अचानक खाली येतात. कडेला रचलेल्या ओंडक्यांच्या राशीवर मुलांना चढू देऊ नये, ओंडका घरंगळतो. शेगडी किंवा सिगारेट पेटवू नये, तंबू ठोकू नये. १५ एप्रिल ते ३० जून या काळात वाटेबाहेर कुत्रा मोकळा सोडणे नियमाविरुद्ध आहे. आळंबी गोळा करण्याचा मोह टाळावा, कारण आपल्या ओळखीच्या खाद्य जातींसारख्याच दिसणाऱ्या प्राणघातक जाती इथे ओकखाली उगवतात. संकटात ११२ हा क्रमांक फिरवावा. तो संपूर्ण युरोपीय संघात चालतो.

९. परतल्यावर

गोचीड चावल्याचे कळत नाही, म्हणून मुक्कामी पोहोचताच अंघोळ करून गुडघ्यामागची लवण, जांघ, काखा, कानांमागची बाजू आणि केसांची मुळे नीट तपासावीत. लहान मुलांची तपासणी मोठ्यांनी करावी. गोचीड सापडली तर आकडा कातडीलगत सरकवून हळूहळू फिरवत ती काढावी. तेल, स्पिरिट किंवा काडीचा चटका यांपैकी काहीही वापरू नये, कारण त्याने संसर्गाचा धोका वाढतो. जागा जंतुनाशकाने पुसावी आणि तारीख लिहून ठेवावी. पुढील महिनाभर त्या जागी पसरत जाणारे लाल वर्तुळ दिसले किंवा ताप आला, तर गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम आजाराची शक्यता असते. भारतात परतला असाल तर डॉक्टरांना फ्रान्समधील अरण्यात फिरल्याचे आणि ती तारीख आपणहून सांगावी, कारण भारतात हा आजार सहसा कुणाच्या मनात येत नाही.